‘ना अल्लवा!’

गेल्या वर्षी चार महिने आमच्या घरी रोज सकाळी एक चौकशी समिती बसायची. विषय ठरलेला. ‘रात्री संडासातलं बटण नीट कुणी दाबलं नाही?’

समितीचा अध्यक्ष माझा दहावीतला मुलगा, सदस्य मी, आणि शनिवार-रविवारी हुबळीहून येणारे आमचे ‘हे’ विशेष निमंत्रित. आरोपी मात्र कायम एकच. माझ्या सासूबाई, वय ७८. त्या बिचाऱ्या चहाचा कप हातात धरून दर वेळी एवढंच म्हणायच्या, ‘‘ना अल्लवा!’’ म्हणजे, मी नव्हे गं.

माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर बैलहोंगल तालुक्यातलं, कन्नड. बेळगावात अशी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे आमच्या घरात काय चालत असेल ते वाचकांना वेगळं सांगायला नको. सासूबाईंना मी अत्ती म्हणते, मुलगा अज्जी म्हणतो. अत्ती कन्नडात विचारतात, मी मराठीत उत्तर देते, आणि वाद झालाच तर तो दोन्ही भाषांत होतो. वीस वर्षांत भाषेवरून आमचं कधी अडलं नाही. अडलं ते या फ्लशच्या टाकीवरून.

अत्तींचं निम्मं आयुष्य गावात गेलं. तिथे पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं आणि जाताना हातात तांब्या घेऊन जायचं. तांब्या म्हणा की तंबिगी म्हणा, त्यात जेवढं मावेल तेवढ्यातच सगळं भागवायचं. त्या गाव सोडून आमच्याकडे आल्या तेव्हा आमचा संडासही जुन्या पद्धतीचा, परसातला होता. पुढे त्यांचे गुडघे धरले. बसलं की उठता येईना. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांच्या खोलीला लागूनच कमोड बसवून घेतला. मागे भिंतीला पांढरी प्लास्टिकची १० लिटरची टाकी आणि तिच्या झाकणावर एक बटण. पहिल्या दिवशी अत्तींनी बटण दाबलं, भसकन पाणी गेलं, आणि त्या मागे सरकल्या. ‘‘एवढं पाणी? एका वेळेला?’’ त्यानंतर कितीतरी दिवस त्या तांब्यानेच पाणी ओतायच्या. ‘‘अत्ती, बटण दाबा हो, त्यासाठीच बसवलंय,’’ असं मीच त्यांच्या मागे लागून त्यांना सवय लावली. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढे त्याच बटणावरून मी त्यांना बोलले.

झालं असं की टाकी वाहायला लागली. मोठ्याने नाही. कान देऊन ऐकलं तरच कळेल असा ‘सूंऽऽ’ आवाज यायचा, थोडा वेळ चालायचा आणि थांबायचा. पुन्हा काही वेळाने तेच. दिवसा रस्त्यावरच्या आवाजात ते कळत नसे. कळायचं ते गच्चीवरची टाकी कोरडी पडल्यावर. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गल्लीत ‘नीर बंत्री!’ अशी हाक उठली की हातातलं काम टाकून धावायचं, खालची टाकी भरून घ्यायची आणि मोटार लावून वर चढवायचं. गच्चीवरची आमची टाकी ५०० लिटरची. पूर्वी ती दोन पाण्यांच्या मधले दिवस कशीबशी काढायची, आता मध्येच खडखडाट व्हायला लागला.

कारण काय? आम्ही घरातल्या घरात निदान केलं. अत्तींच्या हातात जोर नाही. त्या बटण अर्धवट दाबतात, ते नीट वर येत नाही, आणि पाणी वाहत राहतं. या निदानाला पुरावाही मिळाला. अत्ती जाऊन आल्या की कधीकधी आवाज येत राहायचा. मग मी जायची, बटण जोरात एकदा दाबून सोडायची, आणि आवाज बंद! ‘‘बघा, असं दाबायचं,’’ मी सांगायची. त्या मान डोलवायच्या. पुढच्या वेळी पुन्हा आवाज.

अत्ती मात्र एकदोनदा म्हणाल्या होत्या, ‘‘टाकी सोराकत्तैती.’’ टाकी गळतेय. मी टाकीच्या खालून हात फिरवून पाहिला, फरशी पाहिली. सगळं कोरडं. ‘‘कुठे गळतेय, अत्ती?’’ त्या गप्प बसल्या. टाकी बाहेर न गळता आतल्या आतही गळू शकते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्लंबरला बोलावलं. ‘आज येतो, उद्या येतो’ करत तो तिसऱ्या आठवड्यात आला. त्याने उभ्या उभ्या बटण दाबलं, टाकी भरली, आवाज थांबला. ‘‘काही झालेलं नाही, वहिनी. आजींना बटण नीट दाबायला सांगा. नाहीतर आतला सगळा सेट बदलू, १,४०० रुपये होतील.’’ झालं! जाणत्या माणसानेच निकाल दिला म्हटल्यावर समितीचं काम सोपं झालं. मुलाने एका कागदावर मोठ्या अक्षरांत, कन्नडात आणि मराठीत, ‘बटण पूर्ण दाबा’ असं लिहून भिंतीला चिकटवलं. आम्ही हसलो. अत्तीही हसल्या. निदान मला तसं वाटलं.

पावसाळा संपता संपता अत्तींना ताप आला. आधी थंडीवाजून, मग चढतच गेला. दुसऱ्या रात्री त्या काहीबाही बरळायला लागल्या, केव्हाच गेलेल्या आपल्या आईला हाका मारायला लागल्या. आम्ही घाबरलो. दवाखान्यात दाखल केलं. तपासण्या झाल्या. लघवीच्या मार्गात संसर्ग होता, आणि अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आजी, दिवसाला पाणी किती पिता?’’

अत्तींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून हळू आवाजात कन्नडात सांगितलं. त्याचं मराठी असं : संध्याकाळी पाचनंतर मी पाणी घेत नाही. पाणी प्यालं की रात्री उठावं लागतं. उठलं की टाकी वाहते. टाकी वाहिली की घरात बोलणी होतात.

डॉक्टरांनी काही न बोलता कागदावर लिहून घेतलं. वय झालेल्या माणसांना तहान आधीच कमी लागते, त्यात ती मुद्दाम पाणी तोडतात, हे त्यांना नवीन नसावं. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘दिवसभर थोडं थोडं पाणी द्या. रात्री उठावं लागलं तरी चालेल, पण लघवी दाबून ठेवू देऊ नका.’’ मी ‘हो’ म्हटलं. पण मान वर करवेना.

त्या रात्री ‘हे’ दवाखान्यात थांबले. मी आणि मुलगा घरी आलो. झोपण्यापूर्वी मी अत्तींच्या खोलीतल्या संडासात गेले, बटण चांगलं जोर लावून दाबलं, टाकी भरून आवाज थांबेपर्यंत उभी राहिले, आणि मग अत्तींच्याच पलंगावर पडले. झोप काही येईना. दोनच्या सुमारास, घरात कुणी उठलेलं नसताना, कुणी बटणाला हात लावलेला नसताना, पलीकडून आवाज आला. सूंऽऽ.

मी उठून बसले. अत्ती दवाखान्यात होत्या. मुलगा घोरत होता. टाकी आपली आपण वाहत होती. थोड्या वेळाने थांबली. पुन्हा सुरू झाली. चार महिने आपण ज्या माणसावर आळ घेतला ते माणूस घरात नाही, आणि आवाज तोच आहे.

दिवा लावला आणि टाकीसमोर उभी राहिले. चार महिन्यांत आम्ही त्या बटणाबद्दल इतकं बोललो, पण झाकण उघडून आत कुणीच पाहिलं नव्हतं. प्लंबरनेही नाही. बटणाभोवतीची चकती उलटी फिरवली तशी ती सुटली. झाकण वर उचललं. आत पाहिलं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाणी स्वच्छच असतं, संडासाच्या भांड्याशी त्याचा अजून संबंध आलेला नसतो.

मुलगा सकाळी उठला तेव्हा मी त्याला शेजारी उभं करून घेतलं. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा आणि माझ्या स्वयंपाकघराच्या अनुभवाचा मिळून आम्ही जो अर्थ लावला तो असा. टाकीला दोन दारं असतात. एक पाणी आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं. आत येण्याच्या दारावर बॉलकॉक असतो. पाणी चढलं की त्याचा फुगा वर तरंगतो आणि दांड्याच्या जोराने आतला वायसर नळीचं तोंड दाबून बंद करतो. बाहेर जाण्याचं दार तळाशी असतं. मधला खांबासारखा भाग बटण दाबलं की वर उचलला जातो, पाणी खाली जातं, आणि तो खाली बसला की त्याच्या बुडाची रबराची चकती भोक झाकून टाकते. याच खांबात एक उभी पोकळ नळी असते. पाणी प्रमाणाबाहेर चढलं तर ते फरशीवर न सांडता या नळीतून भांड्यात उतरावं, अशी ती सोय.

म्हणजे टाकी वाहते तेव्हा दोनपैकी एक दार लागत नसतं. कोणतं, ते पाण्याच्या पातळीवरून कळतं. पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत येऊन आत पडत असेल तर दोष बॉलकॉकचा. फुगा थोडा खाली घेतला किंवा वायसर बदलला की काम होतं. पाणी नळीच्या तोंडाच्या खाली असूनही वाहत असेल तर तळाची चकती बसत नाही. मग पातळी हळूहळू उतरते, फुगा खाली येतो, बॉलकॉक उघडतो आणि आपल्याला ‘सूंऽऽ’ ऐकू येतं. पातळी भरली की पुन्हा शांतता. आमच्याकडे हेच चाललं होतं.

खात्री करायला मी कपड्यांची नीळ आणली. टाकीत चार थेंब टाकले आणि बटणाला हात न लावता वीस मिनिटं थांबले. भांड्यात पाहिलं तर पांढऱ्या चिनीमातीवरून निळी बारीक रेघ खाली उतरत होती. अत्ती सांगत होत्या ती गळती ही. मला फरशीवर सापडली नव्हती, कारण ती फरशीवर नव्हतीच.

मग मुलाला हिशेब करायची हौस आली. त्याने टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली, भिंतीजवळचा अँगल कॉक बंद केला आणि एक तास थांबला. पाणी जेवढं उतरलं होतं तेवढं लिटरच्या मापाने मोजून परत रेघेपर्यंत भरलं. ५ लिटर लागलं. तासाला ५ म्हणजे दिवसाला १२० लिटर. चार दिवसांत ४८०, म्हणजे गच्चीवरची जवळजवळ अख्खी टाकी! चार महिने एवढीच गळती धरली तर १४,००० लिटरच्या वर.

मुलगा आकडा बघत राहिला. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून योजना आखतात, आणि खेड्यात जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटर धरलं आहे. म्हणजे अत्तींच्या गावातल्या दोन माणसांना दिवसभर पुरून उरेल एवढं पाणी आमच्या भांड्यातून रोज मुकाट वाहून जात होतं. बेळगावला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. ते उपसायचं, शुद्ध करायचं, शहरापर्यंत आणायचं, मग आम्ही मोटारीने गच्चीवर चढवायचं, आणि ते निळ्या रेघेच्या वाटेने गटारात. पहिल्या दिवशी ‘एवढं पाणी?’ म्हणून मागे सरकलेल्या बाईवर आम्ही पाणी वाया घालवल्याचा आळ घेतला होता.

दुरुस्ती सांगते, कारण ती कुणालाही जमेल. अँगल कॉक बंद केला. बटणाची दांडी वर उचलून टाकी रिकामी केली, तळाचं पाणी फडक्याने टिपून घेतलं. मधला खांब पाव फेरा फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाची रबरी चकती हाताला कडक लागली आणि तिच्यावर पांढरा खडबडीत थर. नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा आम्ही बोअरचं पाणी वर चढवतो, ते जड आहे. चहाच्या भांड्याला बसतो तोच क्षार इथेही बसला होता. त्यामुळे चकती एका बाजूने किंचित उचललेली राहायची. बटण दाबल्यावर खांब योगायोगाने बरा बसला तर पाणी बराच वेळ थांबायचं, वाकडा बसला तर लगेच वाहायचं. माझ्या जोराचा त्यात काही संबंध नव्हता. अत्तींच्या वेळेस वाहिलं ते लक्षात राहिलं, माझ्या वेळेस वाहिलं ते कुणी मोजलं नाही.

चकती घेऊन पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. जुनी दाखवून तशीच नवी मागितली. ३० रुपये. घरी येऊन जिथे ती बसते ती कड व्हिनेगरच्या फडक्याने घासून गुळगुळीत केली, नवी चकती चढवली, खांब जागेवर बसवून पाव फेरा फिरवला, अँगल कॉक उघडला. पाणी उभ्या नळीच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबेल असा फुगा लावला. पुन्हा नीळ टाकली. अर्धा तास झाला, तासभर झाला. भांडं पांढरं ते पांढरंच. मग भिंतीवरचा ‘बटण पूर्ण दाबा’ हा कागद मुलाने स्वतःहून काढला. त्याचा चिकटपणा राहिला होता, तो नखाने खरवडत बसला.

तिसऱ्या दिवशी अत्ती घरी आल्या. मी त्यांना हाताला धरून नेलं आणि म्हटलं, ‘‘आता दाबा.’’ त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग एका बोटाने, घाबरत घाबरत बटण दाबलं. पाणी गेलं, टाकी भरली, आवाज थांबला. आम्ही तिघं तसेच उभे. एवढ्याशा जागेत तीन माणसं कान देऊन उभी आहेत, हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पाच मिनिटांनी अत्ती म्हणाल्या, ‘‘निंत्तु नोड.’’ थांबलं बघ.

मग मुलाने त्यांना जुनी चकती दाखवली, निळी रेघ सांगितली, हिशेबाचा कागद दाखवला. ‘‘अज्जी, तू बरोबर होतीस. टाकीच गळत होती.’’ त्यांनी चकती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि परत दिली. रागाचं किंवा जिंकल्याचं काहीच चेहऱ्यावर नव्हतं. त्यानेच मला जास्त लागलं.

आपल्या घरांतून सासूची माफी मागायची रीत नाही. नमस्कार करतो, पाय चेपतो, आवडीचं करून वाढतो, पण ‘चुकलं’ हा शब्द तोंडातून येत नाही. मला तर तो मराठीत येईचना. रात्री त्यांना गोळी देताना मी कन्नडात म्हटलं, ‘‘अत्ती, तप्पात्री.’’ चुकलं माझं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग, माझ्याशी क्वचितच बोलतात त्या त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘‘राहू दे गं. टाकी पण म्हातारी झाली होती.’’

त्या दिवसापासून त्यांच्या उशाशी पाण्याने भरलेला तांब्या असतो. सकाळी तो रिकामा झाला आहे की नाही, हे मी बघते. चौकशी करायची तर आता तेवढीच. रात्री त्या उठतात, बटणाचा खट् असा आवाज येतो, पाणी भरतं, आणि थांबतं. मी अर्धवट झोपेत ते ऐकते आणि कूस बदलते.

तुमच्याही घरात टाकी आपोआप वाहत असेल, आणि तुमचंही बोट घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडे किंवा लहान मुलाकडे वळत असेल, तर आधी झाकण उघडून पाहा. नीळ घरात असतेच. वीस मिनिटं लागतात.